ढगातली खाण आणि अक्कांची चूल

आमच्या घराण्यात ढगात खाण असलेला मी पहिलाच. आजोबांची शेती होती, वडिलांचं पुण्यात स्टेशनरीचं दुकान होतं, पण दोन्ही जमिनीवर. ढगापर्यंत कुणाची मजल गेली नव्हती. (मीही तिथे फार टिकलो नाही, पण पोचलो होतो हे महत्त्वाचं!)

मी बेंगळुरूला मारतहळ्ळीत राहतो आणि एका कंपनीत टेस्टिंग करतो. म्हणजे दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून काढायच्या. माझ्या स्वतःच्या चुका शोधण्याचं काम रेवतीकडे, म्हणजे बायकोकडे आहे. तिला मात्र त्याचा पगार मिळत नाही. रेवतीचं माहेर इथलंच, मल्लेश्वरमचं. मंडळी मूळची निपाणीची, पण बेंगळुरूत इतकी मुरली आहेत की मराठीत एक वाक्य बोलताना दोन कानडी शब्द सहज पडतात. सासूबाईंना सगळं मल्लेश्वरम 'अक्का' म्हणतं, म्हणून मीही अक्का म्हणतो. सासरे अण्णा. अण्णांना कमी ऐकू येतं, पण नेमकं जे ऐकू येऊ नये ते स्वच्छ येतं.

खाणीची वार्ता आणली आमच्या शेजारच्या निखाडेने. निखाडे नागपूरचा. सकाळी सोसायटीच्या बागेत चालताना त्याने मला गाठलं.

"मंदारभाऊ, तू झोपते तेव्हा तुझा पैसा काय करते?"

"तोही झोपतो."

"हेच चुकते ना बे! माझा खोदकाम करते!"

मग त्याने मला क्लाउड मायनिंग समजावलं. बिटकॉइनसारखी नाणी काढायला म्हणे मोठमोठे कॉम्प्युटर लागतात, ते दिवसरात्र गणितं सोडवत बसतात. हे कॉम्प्युटर आपण घ्यायचे नाहीत. ते कुठल्याशा थंड देशात आहेत. आपण नुसतं भाडं भरायचं, की खाण आपली. मी शाळेत गणितात काठावर पास झालेला माणूस. माझ्या वतीने परदेशात कुणीतरी गणितं सोडवतंय, ही कल्पनाच मला इतकी आवडली की मी त्याच संध्याकाळी भाडं भरून टाकलं!

ॲप फार गोड होतं. त्यात हेल्मेट घातलेला एक छोटा माणूस कुदळ घेऊन उभा. सकाळी उठून 'खोदा' हे बटण दाबायचं, की तो 'ठाक' करून घाव घालायचा आणि एक पिवळा ठिपका टपकन खाली पडायचा. घरचं माणूस सभासद केलं की कुदळ मोठी होई. दोन माणसं केली की ट्रॉली! आता मला सांगा, ट्रॉली कोणाला नको असते? मी रविवारी मल्लेश्वरमला गेलो आणि सासू-सासऱ्यांना खाणीत उतरवलं.

अक्का खोबरं किसत होत्या. "म्हणजे काय म्हणायचं हे, मंदारराव?"

"अक्का, ही खाण क्लाउडमध्ये असते. क्लाउड म्हणजे ढग."

"ढगात खाण?" किसणी थांबली. "आमच्या कोलारला जमिनीत होती की सोन्याची. खरं सोनं निघायचं. ती पण बंद पडली. तुमची ढगातली किती दिवस चालणार?"

"तुम्हाला काही करायचं नाही. नुसतं नाव द्या."

"नाव घ्या. काम बेडा." (बेडा म्हणजे नको. या घरात मी सगळ्यात आधी शिकलेला कानडी शब्द.) "आणि ते पासवर्ड-बिसवर्ड माझ्या डोक्यात राहत नाही हं."

"काळजी नको. तुमच्या चॅनलचा आहे तोच इथेही टाकतो. सोप्पं!"

चुका शोधण्याचा पगार घेणारा माणूस हे वाक्य बोलला, याची नोंद असावी.

चॅनल म्हणजे 'अक्कांची चूल'. (चूल कसली, तीन बर्नरचा गॅस!) अक्का त्यावर स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकतात. मीच हौसेने सुरू करून दिलं होतं. बघता बघता बेळगावपासून हुबळीपर्यंत आणि लग्न होऊन पुण्याला गेलेल्या मुलींपर्यंत चाहते झाले. कोणी नातीच्या बारशाचा मेन्यू विचारतं, कोणी बिघडलेल्या लोणच्याचा फोटो पाठवतं. अक्का प्रत्येकाला उत्तर देतात. गुडघे धरल्यापासून त्यांचं देवळात, बाजारात जाणं कमी झालं होतं. या चॅनलमुळे सगळा बाजार त्यांच्या घरी आला होता.

इकडे खाण सुरळीत चालू होती. आणि एके दिवशी कुदळ हवेतच थांबली. मी 'खोदा' दाबतोय, माणूस हलेना. खाली पाटी आली: 'देखभालीसाठी काम बंद आहे.'

आमचा सभासदांचा एक ग्रुप होता, 'खाणकरी परिवार'. तिथे धावलो. हजारो माणसं एकदमच बोलत होती.

"माझाच माणूस थांबलाय की सगळ्यांचा?"

"थंडीमुळे असेल. तिकडे बर्फ पडतो."

"मी कालच मोठी कुदळ घेतली हो!"

"खाणीचा एक तरी फोटो टाका, ॲडमिन."

एका गृहस्थाने सत्यनारायणाचा फोटो टाकला. दुसऱ्याने विचारलं, "मी सासुरवाडीच्या सगळ्यांना सभासद केलंय. कोणाकडे भाड्याने खोली आहे का?" तेव्हा मी भारदस्त संदेश लिहिला: 'घाबरू नका. मी आयटीत आहे. हे नेहमीचं अपग्रेड असतं.' त्याला पटापट अंगठे आले. आणि लगेच खाली ओळ उमटली: ॲडमिन ग्रुप सोडून गेले.

पैसे गेले. आकडा सांगत नाही. रेवतीलाही अजून सांगितलेला नाही, आणि ती हे वाचणार आहे.

पण पैसे जाण्यावर भागलं नाही. दोन दिवसांनी निखाडे लिफ्टमध्ये भेटला. चेहरा उतरलेला.

"भाऊ, त्या चोरट्यांच्या घरी बी चोरी झाली ना! आपले सगळ्यांचे ईमेल, पासवर्ड बाहेर आले. कोणी बी पाहू शकते." मग आवाज खाली आणून, "तुझा 'मंदार वन टू थ्री' होता काय बे?"

लिफ्टमध्ये आणखी तिघं होते. त्यातला एक आमच्याच कंपनीतला.

रविवारची सकाळ मी पासवर्ड बदलण्यात घालवली. बँक, गॅस, वीज, ऑफिस, जिथे दोनदा पिझ्झा मागवला होता तेसुद्धा. रेवती चहा घेऊन आली.

"आईचा बदललास?"

"अगं, त्यांच्याकडून चोरणार काय? चकलीचं प्रमाण?"

हे बोलतो न बोलतो तोच अण्णांचा फोन.

"मंदारराव! हिच्या चुलीवर एक गोरा बसलाय!"

झालं होतं असं. त्या दिवशी अक्का कुंदा करून दाखवणार होत्या, लाइव्ह. महिला मंडळाच्या बायका मुद्दाम घरी आल्या होत्या. स्वयंपाकघरात सगळ्या मावेनात, म्हणून अण्णांनी त्यांना हॉलमध्ये बसवून टीव्हीवर चॅनल लावलं. आत अक्का फोनसमोर दूध आटवतायत, आणि बाहेर टीव्हीवर सूट घातलेला गोरा माणूस इंग्रजीत सांगतोय की मला एक नाणं पाठवा, मी दोन परत करतो! अक्कांच्या नावाच्या जागी 'क्रिप्टो गुरू' असं आलेलं. बायका बिचाऱ्या सभ्य. त्यांना वाटलं, आधी जाहिरात असेल. एकीने तर 'डबल' असं लिहूनही घेतलं!

आम्ही टॅक्सी केली आणि रस्ताभर मी फोनवर चॅनल बघत होतो. खाली चाहत्यांच्या प्रतिक्रिया धो-धो पडत होत्या.

"अक्का, तुमची तब्येत बरी आहे ना? ओळखू येत नाही."

"कुंद्यात बिटकॉइन किती चमचे घालायचं?"

"हा नवा जावई का?"

हेब्बाळच्या पुलावर गाडी अडकली तेव्हा रेवती म्हणाली, "ती रडत असेल रे." मग मात्र माझं हसू मावळलं. तिच्या आवाजातही हसू नव्हतं.

अक्का रडत नव्हत्या. पदर खोचून कढईसमोर उभ्या होत्या, आणि गॅस बंद होता. अक्कांनी दूध आटवताना गॅस बंद केलेला मी तोवर पाहिला नव्हता.

"मंदारराव," त्या हळू म्हणाल्या, "माझ्या सगळ्या बायका त्यात आहेत हो. परत मिळतील काय?"

"दहा मिनिटांत, अक्का!" मी हॉलमध्ये लॅपटॉप उघडला. मागे महिला मंडळ अर्धवर्तुळ करून उभं राहिलं. चोरांनी पासवर्ड बदलला होता, पण सुदैवाने जुना सुरक्षा-प्रश्न शाबूत होता. मी मोठ्याने वाचला, "तुमचा आवडता पदार्थ कोणता?"

"कुंदा!" मंडळ एका सुरात.

चूक. "थालीपीठ," अक्का म्हणाल्या. चूक. पुरणपोळी, बिसीबेळेभात, कडबू, सगळं चुकलं. मग मला आठवलं. चॅनल उघडताना तो रकाना मी भरला होता, आणि तेव्हा मला भूक लागली होती.

मी कीबोर्डवर वाकून, हाताचा आडोसा करून टाइप केलं. पण अण्णांनी टीव्ही लॅपटॉपला जोडून ठेवला होता. (अण्णांना तंत्रज्ञान नेमकं अशाच वेळी जमतं!) भल्यामोठ्या पडद्यावर अक्षरं उमटली: अंडाकरी. आणि शेजारी हिरवी खूण. उत्तर बरोबर!

'शुद्ध शाकाहारी, सोवळ्यातली चव' हे ज्या चॅनलचं ब्रीद, त्याच्या मालकीणबाईंचा आवडता पदार्थ अंडाकरी! महिला मंडळाने एकदम अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"कुठं मिळते चांगली?" अण्णांनी माझ्या कानात विचारलं.

पण चूल अजून हाती आली नव्हती. पुढची पायरी म्हणजे मोबाइलवर कोड. तो गेला माझ्या जुन्या पुण्याच्या नंबरवर, जो मी केव्हाच सोडला होता. धीर करून मी त्याच नंबरला फोन लावला, स्पीकरवर.

"कोण बोलतंय?" साताऱ्याकडचा आवाज.

"नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या मोबाइलवर आत्ता एक कोड आला असेल. तेवढा सांगता का?"

तो माणूस जो सुरू झाला! "लाज नाय वाटत? चांगल्या घरातला वाटतोस आवाजावरून! रोज सांगत्यात, कोड कुणाला देऊ नका म्हणून, आणि तू सरळ फोन करून मागतोस? आईबापानं हेच शिकवलं व्हय?"

"अहो, माझ्या सासूबाईंची चूल चोरीला गेलीय..."

"चूल?" तो आणखी भडकला. "भुरटा कुठला!" आणि फोन आपटला.

महिला मंडळाने टाळ्या वाजवल्या. त्याच्यासाठी!

"काय शहाणा माणूस हो," अक्का म्हणाल्या. "रेवतीच्या वेळेला असलं स्थळ आलं नाही ते."

मग त्या उठल्या. "सरी. आता तुम्ही स्वल्प बाजूला बसा." (सरी म्हणजे बरं, स्वल्प म्हणजे जरा.) अण्णांचा फोन घेऊन त्यांनी त्या गोऱ्याच्या खालीच लिहायला सुरुवात केली. एका बोटाने, सावकाश: 'मी खरी अक्का. हा चोर आहे. माझी चूल घेतलीय. सगळ्यांनी व्हिडिओवाल्या कंपनीला तक्रार करा. कुंदा नंतर दाखवते.'

पुढचं दृश्य मी विसरणार नाही. मंडळातल्या बायकांनी पर्समधून फोन काढले. बेळगाव उठलं, हुबळी उठलं, पुण्याच्या लेकी उठल्या. तक्रारींचा असा पाऊस पडला की गोरा माणूस 'डबल' म्हणता म्हणता अर्ध्यावर गायब झाला! पडदा काळा. हॉलमध्ये जल्लोष. अक्कांनी आत जाऊन गॅस पेटवला आणि मग, कढईत ढवळता ढवळता, पहिल्यांदा डोळे पुसले. रेवती जाऊन शेजारी उभी राहिली. मी दारातच थांबलो. आत जायची माझी पत नव्हती.

कंपनीने चौकशी करून काही दिवसांनी चॅनल परत दिलं, सगळ्या व्हिडिओंसकट. परत आल्यावरचा पहिला व्हिडिओ होता 'फसवणूक कशी ओळखावी'. त्यात अक्कांनी मला शेजारी स्टुलावर बसवलं आणि भाजी दाखवावी तसं दाखवलं. "हे आमचे जावई. शिकलेले आहेत. आयटीत आहेत. बघून ठेवा." तो त्यांचा आजवरचा सर्वांत गाजलेला व्हिडिओ आहे. निखाडे तो मला अजून रोज पाठवतो.

मध्यंतरी मी काळजीने विचारलं, "अक्का, नवा पासवर्ड नीट कठीण ठेवलाय ना? आणि तो कुणाला सांगू नका हं."

"एकदम सुरक्षित आहे," कुंद्याची वाटी माझ्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या. "तुम्हाला सोडून सगळ्यांना सांगितलाय."

आणि खरं सांगतो, तेव्हापासून तो एकदाही फुटलेला नाही!