दोन घरांना एकच आयपी पत्ता

आमच्या केबलवाल्याने दोन घरांना इंटरनेटचा एकच आयपी पत्ता दिला, म्हणून हे लिहावं लागतंय.

आज मुलीच्या प्रवेश अर्जाचा शेवटचा दिवस, त्यासाठी मी रजा घेतली. नेट सारखं तुटत होतं. तेवढ्यात समोरच्या ग्रेसीबाई दारात आल्या. “तुमचं चालतंय? माझं मेलं परत गेलं!”

दोघींच्या राऊटरची सेटिंग उघडली. पत्ता शेवटच्या आकड्यापर्यंत तोच! दोघींनी एकदम लावलं की दोघींचं बंद.

केबलवाल्याला बोलावलं. “मॅडम, तुम्ही दिवसा ऑफिसात, या रात्री लवकर झोपतात. ॲडजस्ट केलं.”

“मग दिवसा माझ्या घरात भाडेकरूही ठेव!”

त्याला तिथेच बसवून ग्रेसीबाईंचा पत्ता बदलून घेतला. अर्ज गेला. आपल्या एव्हरशाईन वसाहतीतल्या शेजाऱ्यांनो, तुमचा पत्ता आणखी कोण वापरतंय, पाहिलंत?

मिळालं ते असं: दोन घरांचे दोन पत्ते, कागदावर, केबलवाल्याच्या अक्षरात, सहीसह. माफी मिळाली नाही.