ताईचं जेवण

७ ऑक्टोबर २०१५ रोजी रसायनशास्त्राचे नोबेल डीएनए-दुरुस्तीच्या संशोधनाला जाहीर झाले. त्या दिवशी याच विषयातील एक संशोधिका काचेच्या बशीतील पेशींचे पोषणद्रव बदलत होती. पेशी तिच्या थोरल्या बहिणीच्या होत्या. उन्हाने डीएनएला झालेली इजा तिच्या शरीरात भरून येत नसे. ती बाराव्या वर्षी गेली, पेशी मात्र प्रयोगशाळेत वाढत राहिल्या.

“ताई जेवली का गं?” सहकाऱ्याने विचारले.

“जेवली. तुझ्यासारखे नखरे नाहीत तिचे.”

डीएनए प्रथिनांभोवती ज्या वेटोळ्यांत, म्हणजे क्रोमॅटिनमध्ये, गुंडाळलेला असतो ती सैल होत नाहीत, म्हणून दुरुस्ती खोळंबते, असा संशोधिकेचा तर्क होता. वेटोळी सैल करणारे प्रथिन तिने पेशींना पुरवले होते. त्या दिवशी तपासणीत इजा भरून आलेली दिसली.

तिने घरी फोन लावला. “आई, ताईच्या पेशी बऱ्या झाल्या गं.”

आई म्हणाली, “मग आता तरी तिला उन्हात खेळू दे की.”

स्पीकर चालू असल्याने सहकाऱ्यानेही हे ऐकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बशी खिडकीत, उन्हात सापडली. पेशी जिवंत होत्या. दोघेही म्हणतात, आम्ही ठेवली नाही. कोणी ठेवली, हे अद्याप कळलेले नाही.