साखळीचं दुसरं टोक

माझे वडील अजिनाथ तळेकर, मूळचे केम गावचे. सोलापुरात जमीन मोजणीच्या कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं साखळी धरली. साखळीचं एक टोक मोजणीदाराच्या पायाशी, दुसरं अप्पांच्या हातात. काट्याकुट्यांतून, ओढ्यातून, बांधावरच्या माणसांच्या शिव्या खात पुढं जायचं ते अप्पांनी. यंत्राला डोळा लावायचा तो साहेबांनी. साखळीवाल्यानं यंत्राला हात लावायचा नाही, ही तिथली रीत. नकाशाखाली सही मोजणीदाराची. अर्धा जिल्हा पायांनी मोजलेल्या माणसाचं नाव एकाही नकाशावर नाही. चौथीत असताना मी विचारलं होतं, "यात तुमचं नाव कुठंय?" अप्पा नकाशावर बोट फिरवत म्हणाले, "ह्या रेघा हायत की. त्या माज्याच." तेव्हा मला ते पटलं. मोठी झाल्यावर मात्र राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

निवृत्त झाल्यावर अप्पा घरातल्या घरात पावलं मोजू लागले. दारापासून गॅसपर्यंत अकरा. ते बघवेना, म्हणून मी शाळेतल्या एका सहकाऱ्याकडून त्यांचा जुना जीपीएस रिसीव्हर आणला. मुठीत मावेल एवढं यंत्र, गळ्यात अडकवायला दोरी. खेळ समजावून सांगितला: कुणीतरी रानात डबा लपवतं, त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतं. आपण ते यंत्रात भरायचे, बाण दाखवेल तिकडं जायचं, डबा सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं आणि तो होता तसा ठेवायचा.

"नाव लिवायचं?" अप्पांनी एवढंच विचारलं. पण यंत्राला दोन दिवस हात लावला नाही. "साहेबांना बोलवू," म्हणाले. माझ्या कपाळाला आठी पडली.

साहेब म्हणजे चन्नवीर बिराजदार, अप्पांचे मोजणीदार. वय अडुसष्ट, मान अजून कचेरीतल्यासारखी ताठ. रविवारी सकाळी आम्ही तिघं रिक्षानं हिप्परग्याच्या तळ्याकडं निघालो. बसल्या बसल्या साहेबांनी यंत्र गळ्यात घातलं, माझ्या हातातला कागद घेतला आणि यंत्रातली मांडणी बदलून आकडे भरले. "अंश, मिनिटं, सेकंद. मोजणी अशीच असते," म्हणाले. मला त्यातलं काही कळत नव्हतं.

रिक्षातून उतरताच अप्पा सवयीनं पुढं निघाले. मागून साहेब, "डावीकडे. अजून. थांब." अप्पा डावीकडे वळत होते, थांबत होते. मला चीड येत होती, आणि अप्पांचा चेहरा बघावा तर लग्नघरी निघाल्यासारखा खुललेला.

बाण संपला तिथं माळ होता. चार बाभळी आणि खडी. कागदावर खूण लिहिली होती, 'पाण्याकाठचा चपटा दगड'. आम्ही तासभर दगड उलथले. पाण्याचा पत्ता नव्हता.

"डबा कुणीतरी नेलाय," साहेब म्हणाले. "माझी मोजणी चुकत नाही."

अप्पांनी साहेबांकडून कागद मागून घेतला. चष्मा वर करून बराच वेळ वाचला. मग म्हणाले, "साहेब, चुकलंय कायतरी."

एकतीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नसणार.

"हे बगा, सतरा अंश, चव्वेचाळीस मिनिटं, मग टिंब आन् पुढं दोनशे पन्नास. सेकंदाला तीन आकडे कशाला देतील? हे पाव मिनिट हाय की. पंदरा सेकंद. आपुन दोनशे पन्नासचे पंचवीस सेकंद करून भरले. दुसऱ्या आकड्यातबी तसंच झालंय."

साहेब बोटांवर हिशेब करत राहिले. आता ते खेकसणार असं मला वाटलं. वीतभर बांधासाठी दोन-दोन गावं बसवून ठेवणारा हा माणूस.

"तीनशे मीटरच्या वर फरक," ते हळू आवाजात म्हणाले. मग त्यांनी गळ्यातली दोरी काढली आणि यंत्र अप्पांच्या हातात दिलं. "तू बघ. मी पुढं जातो."

अप्पांनी आकडे नीट भरायला दहा मिनिटं घेतली. साहेब तोवर उन्हात उभे होते. नंतर टेकाडापलीकडं उतारानं साहेब पुढं आणि मागून अप्पांचा आवाज, आधी दबका, मग मोकळा. "उजवीकडं, साहेब. आनखी. काटं हायत, जपून. थांबा." साहेबांची पँट बाभळीत दोनदा अडकली. मी हसले, खोटं कशाला सांगू.

ते थांबले तिथून तळं हातभर अंतरावर होतं आणि त्यांच्या पायाशी चपटा दगड. खाली स्टीलचा डबा, डब्यात छोटी वही.

वही साहेबांनी घेतली. पेन खिशात होतंच त्यांच्या. परत आपलंच नाव पहिलं घालणार, असं मनात म्हणत मी मागून डोकावले. त्यांच्या त्या नकाशावरच्या ठाशीव अक्षरांत त्यांनी लिहिलं होतं:

मोजणीदार – अजिनाथ तळेकर
साखळी – च. बिराजदार

अप्पांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा अक्षरांवर बोट फिरवत. मला रडू आवरलं नाही, आणि साहेबांबद्दलचा माझा वर्षानुवर्षांचा राग एका पानात निम्मा झाला.

"अप्पा, फोटो काढू? की पानच घेऊन जाऊ घरी?"

त्यांनी वही डब्यात ठेवली, झाकण दाबून बसवलं आणि दगड होता तसा लावला.

"ऱ्हाऊ दे हितंच," ते म्हणाले. "येनारा वाचंल की."