घर चुकलेले शब्द

एका लहान मुलीवर मी खोटा आळ घेतला होता. तिच्या बापासमोर आणि तिच्या देखत. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आई असेपर्यंत आईला नाही आणि इतक्या वर्षांच्या संसारात बायकोलाही नाही. मुळात मी फार बोलणारा माणूस नव्हे. शाळेत दिवसभर घसा कोरडा केला की घरी येऊन गप्प बसायचं, एवढीच माझी रीत. पण गप्प राहण्याचाही शीण येतो, हे पन्नाशीच्या आसपास कळायला लागलं. आज लिहायला बसलो ते त्या शिणामुळेच.

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. उन्हं कलली होती, चुलींचा धूर गल्लीत खाली उतरला होता. समोर पोरी गोल करून उभ्या होत्या, राज्य कुणावर ते ठरवत होत्या. त्यातली एक छातीछातीवर बोट टेकवत म्हणत गेली, यात, यी, साम, सेय... आणि शेवटी 'साप' म्हणताच सगळ्या किंचाळून पांगल्या. मी तिला जवळ बोलावलं आणि विचारलं, हे कुठून शिकलीस गं? म्हणाली, "आईनं शिकीवलं. मोजनी हाय, मास्तर. तुमाला येत न्हाई व्हय?"

येते, असं मी म्हणालो नाही. तिची आई माझ्याच हाताखालून गेलेली, एवढंही सांगवलं नाही. पोरगी उडी मारून माझ्या उंबऱ्याजवळच्या ठेंगण्या ओंडक्यावर चढली आणि तिथून मैत्रिणींना हाका मारू लागली. बाभळीचा तो ओंडका आता काळाठिक्कर पडला आहे. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून आम्ही तो टेकवून ठेवतो. तो कशासाठी घडवला होता, हे ठाऊक असलेला या गावात मी एकटाच उरलो आहे.

नांदूरघाटच्या वाटेवर कापसाचं जिनिंग नवं उभं राहत होतं, तेव्हाची गोष्ट. मालकाने मुंबईच्या गोदीतून एक चिनी सुतार आणला होता. कँटन मुलखाचा. त्याच्या पाठोपाठ बायको आली आणि इथे आल्यावर वर्षाच्या आत त्यांना मुलगी झाली. निजामाच्या राज्यात परकी बोली ऐकणं काही नवं नव्हतं. कचेरीत उर्दू, सरकारी शाळेत उर्दू, बाजारात दखनी, घरात मराठी. पण या बाईची बोली ऐकून बायका पाणी शेंदायच्या थांबत. ती बोले तेव्हा गातेय असं वाटे आणि गाई तेव्हा बोलतेय असं. मी तेव्हा विशीतला, सरकारी शाळेत धाकटा मास्तर. बाजाची पेटी बरी वाजवायचो. महादेवाच्या देवळातल्या भजनात माझ्याशिवाय पान हलत नसे, अशी माझी समजूत होती. खरं म्हणाल तर थोडी लोकांचीही होती.

सुताराला पुढे जहाजावरचं काम मिळालं आणि तो दर्यावर गेला. दोन वर्षांनी येतो आणि दोघींना गावी नेतो, असं सांगून गेला. बाई मुलीला घेऊन जिनिंगच्या कडेच्या खोलीत राहिली. मुलगी बोलायला लागली ती अर्थात आमच्यासारखं. 'आय' म्हणायची, 'भाकर' म्हणायची. आईने तिच्या बोलीत काही विचारलं की उत्तर मराठीत. बाईच्या मनात काय आलं असेल, ते आता मला पुष्कळ कळतं. एका माणसाशी बोलून बोली टिकत नाही. तिला खेळगडी लागतात, भांडायला माणसं लागतात. मुलीला एकटीला शिकवून भागत नाही म्हटल्यावर तिने सगळ्या गल्लीलाच शिकवायचं ठरवलं.

नवरा जाण्याआधी तिने त्याच्याकडून बाभळीचे ओंडके कापून घेतले होते, एक उंच, एक त्याहून कमी, असे उतरत्या रांगेचे. संध्याकाळी ते अंगणात मांडायची आणि त्यांवर पोरं उभी करायची. तिच्या बोलीत शब्दाला उंची असते, ती बदलली की अर्थच बदलतो. काही शब्द उंच ओंडक्यावर नुसते उभे राहत, काही खालून वर चढत, काही थकल्यासारखे खाली उतरत. पोरं शब्द म्हणत तसतशी उड्या मारत. चुकीच्या ओंडक्यावर उडी पडली की बाई डोळे मोठे करून 'कोण तुमी? वळखलं न्हाई' असा चेहरा करी आणि पोरं लोळून हसत. कापडाचा चेंडू करून ती शब्दागणिक फेकी. वरचा शब्द वर, खालचा शब्द भुईसरपट. आमच्या ज्वारीच्या मुलखातली ती पोरं, सणासुदीलाच भात बघणारी, जेवणाला 'फान' म्हणतात हे कळल्यावर दिवसभर फान, फान करत हिंडायची. कोपऱ्यावरचे वाणीमामा मला अडवून म्हणायचे, "मास्तर, शाळंत उर्दू, घरी मराठी, आन् सांजंला चिनी. पोराला भूक लागली तर कंच्या भाषेत रडंल ते?" मी हसायचो. मलाही त्या अंगणाची ओढ लागली होती.

मी पेटी घेऊन जायला लागलो. बाईला पेटीचं अप्रूप वाटलं. तिच्या ओंडक्यांना पेटीतले स्वर मिळाले आणि पोरांचे आवाज जागेवर बसू लागले. त्या संध्याकाळी मला अजून दिसतात. कापसाचे तंतू हवेत तरंगायचे, उजेडात सोन्यासारखे व्हायचे, पोरांच्या केसांत अडकायचे. मध्यावर ती ठेंगणी, गोल चेहऱ्याची पोरगी, सगळ्यांत खालच्या ओंडक्यावर पाय जुळवून उभी. तिची जागा तीच. ती कधी चुकायची नाही.

चुकायचो मी. बाई पोरांना गाणीही शिकवायची. त्यांना फारशी चाल नव्हतीच. दोन-तीन स्वरांत फिरणारं, बोलल्यासारखं साधं गाणं. माझ्या भजनी कानाला ते उघडंबोडकं वाटे. एकदा मी एका ओळीला वळण दिलं, वर नेऊन एक हरकत घेऊन खाली आणली. पोरांनी लगेच उचललं. गोड वाटलं. बाईने पेटीच्या भात्यावर हात ठेवला. "मास्तर, हा शबुद हितं ऱ्हातो," ती खालच्या ओंडक्याकडे बोट दाखवून म्हणाली. "वर गेला तर घर चुकला." रागावून नव्हे, रस्ता चुकलेल्याला वाट दाखवावी तसं. मी मान डोलावली. समजलं होतं मला. हे लिहून ठेवायला हवं, कारण पुढे मी स्वतःला कितीदा सांगून पाहिलं की मला ते नीट समजलंच नव्हतं.

मानमोडीच्या साथीत बाई गेली. त्या तापात गावंच्या गावं निजली होती. सरण रचायला माणसं मिळेनात. आई आणि मी तिच्या खोलीत होतो. पोरगी माझ्या आईच्या मांडीवर झोपलेली. बाईने माझ्याकडे बघून एवढंच म्हटलं, "बाप येईल. त्येच्याशी बोलली पायजे ती." मी हो म्हणालो. मरणाऱ्या माणसाला हो म्हणणं फार सोपं असतं.

पोरगी आमच्या घरी आली, ओंडकेही आले. शब्द मी पाळला असं गावाला वाटलं आणि एका परीने मी तो पाळलाही. रोज दिवेलागणीला तिला आणि गल्लीतल्या पोरांना घेऊन बसायचो. पण आता भात्यावर हात ठेवणारं कुणी नव्हतं. पहिल्या महिन्यात एका गाण्याला मी भूप रागाचं वळण दिलं. मग दुसऱ्याला. शिवरात्रीला देवळात पोरांकडून ती गाणी म्हणवून घेतली, तेव्हा म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, वाणीमामांनी डोळे पुसले. शब्द कुणालाच कळत नव्हते, त्यामुळे ते कसे मोडले हेही कुणाला कळलं नाही. चाल तेवढी सगळ्यांना कळली. 'मास्तरनं चिनी भजन बसिवलं,' असं पार आष्टीपर्यंत बोललं गेलं म्हणे. ओंडक्यांवर भजनकरी मंडळी बसू लागली. थंडीत त्यातले दोन पाणी तापवायच्या चुलीत गेले. मी बघत होतो. एखादी पोर मधेच थांबून अवघडल्यासारखं माझ्याकडे बघायची. ती असायची बाईचीच मुलगी. 'मास्तर, आय आसं म्हनत नव्हती,' एकदा म्हणालीही. मी तिला सांगितलं की आता ते आणखी छान झालंय. तिने ते मानलं. माझ्यावर तिचा फार विश्वास होता. मी म्हणेन तसं, मी वळवेन तिथे, ती जीव लावून म्हणत राहिली.

सुतार आला तो सांगितल्यापेक्षा पुष्कळ उशिरा, उन्हाळ्यात, बीडहून बैलगाडीने. वाळलेला, केस पिकलेले. बायकोचं त्याला जिनिंगच्या मुनिमाकडून आधीच कळलेलं होतं. त्याने येऊन आमच्या ओट्यावर पाय खाली सोडून बसकण मारली आणि आईच्या पदराआडच्या पोरीला आपल्या बोलीत हळूच काही म्हटलं. ती माझ्याकडे बघू लागली. तो पुन्हा बोलला, आणखी हळू, एकेक शब्द सुटा करून. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

मी पोरीला म्हणालो, गाणं म्हण गं. वाटलं, गाण्यातून तरी गाठ पडेल.

ती पुढे आली, पाय जुळवून उभी राहिली आणि गायली. काय गायली. हरकती, मुरक्या, सगळं जागच्या जागी. गल्ली गोळा झाली होती, लोक वाहवा म्हणत होते. तो खाली मान घालून ऐकत होता. मधेच एखादा तुकडा तो ओठांवर घेऊन बघे, किंचित वर, किंचित खाली, सांध्यात न बसणारी फळी फिरवून बघावी तसा. आणि सोडून देई. गाणं संपल्यावर त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दखनीत मला विचारलं, "अच्छा गाती, मास्तर. ये कौन मुलुक की बोली है?"

भोवती माणसं उभी होती. देवळात मला शाबासकी देणारी तीच माणसं. त्या क्षणी खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "तुम्हारी ही है. लेकिन लड़की का ध्यान नहीं रहता. सब भूल गई."

त्याने मान हलवली. लहान पोर आहे, आई गेली, विसरणारच. तो समजूतदार माणूस होता. पण पोरीला बाजारची दखनी चांगली समजत होती. ती माझ्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी गाडी जुंपल्यावर मी तिला वर उचलून बसवायला गेलो, तेव्हा माझ्या कानाशी फक्त एवढंच म्हणाली, "मास्तर, मी न्हाई इसरले. मी रोज म्हनत व्हते."

गाडी धुळीत दिसेनाशी झाली. बाप आणि लेक एकमेकांशेजारी बसले होते, मुके.

मागून कळलं ते एवढंच, की मुंबईहून ते जहाजाने गेले. ती आता तिशीची झाली असेल. बापाची बोली पुन्हा शिकली असेलही. लेकरं काहीही शिकतात. की विसरभोळी पोर म्हणून तिथेही तिला हिणवलं असेल, कुणास ठाऊक. मी पेटी पुढे पुष्कळ वर्षं वाजवली, पण त्या गाण्यांना पुन्हा हात लावला नाही. गल्लीत उरली ती एवढी मोजणी, यात म्हणजे एक ते साप म्हणजे दहा. मोजणीला मी कधी चाल लावली नव्हती, म्हणूनच ती वाचली असावी. पोरी ती म्हणतात ती अजून बाईच्याच उंचीवर म्हणतात. आज कान देऊन ऐकलं. आईकडून लेकीकडे, ओंडक्यांशिवाय, अर्थाशिवाय ती तशीच्या तशी चालत आली आहे. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप होता तिला मी रिकाम्या हाताने पाठवलं आणि ज्यांना त्याची गरज नव्हती त्यांच्याकडे थोडं शिल्लक राहिलं. काळ असाच वागतो, असं म्हणून हात झटकता येतील. पण इथे काळाने काही केलं नाही. जे केलं ते मी केलं.

पोरी आता घरी गेल्या. अंधार पडला. दार ओढून घेण्याआधी ओंडका बाजूला सारला. अजून जड आहे.

त्या मुलीचं एक वाक्य मी देणं लागतो. ते तिच्या बापाला, लोकांदेखत सांगायचं होतं: ती काही विसरली नाही, तिला चुकीचं मी शिकवलं.