मालिनीच्या फोनचं स्थलांतर

जर्मनीतल्या वाल्डॉर्फ आणि आसपासच्या गावांत गेल्या काही वर्षांत जेवढी मराठी बाळं जन्मली, त्यांतल्या बऱ्याच बाळांची खबर त्यांच्या आजी-आजोबांच्या आधी मालिनीला लागली होती. पुण्यात ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करायची. श्रीनाथला इथल्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत काम मिळालं म्हणून ती आली, जर्मन शिकली, आणि तिच्या पदवीला कुणी विचारेना तेव्हा तिने स्वतःच स्वतःला कामाला लावलं. कुणाला दिवस गेले की हेबामे, म्हणजे सुईण, ठरवून देणं, आईचा व्हिसा अडकला तर डिंकाचे लाडू वळणं, आणि वेळ आली की हाइडेलबर्गच्या हॉस्पिटलात बाळंतिणीशेजारी उभं राहून जर्मनचं मराठी आणि मराठीचं जर्मन करणं. श्रीनाथ याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणायचा. लाडवांचा डबा उघडला की मात्र लष्करात पहिली भरती त्याचीच असायची.

या सगळ्या कारभाराचं ऑफिस म्हणजे मालिनीचा फोन. त्यातली नावं तिने इंग्रजी अक्षरांत, पण आपल्या पद्धतीने घातली होती. आडनाव हा प्रकार तिला कधी सुचलाच नाही. कुंदा जोशी तिच्या फोनमध्ये ‘ओजसची आई’ होती, कढीपत्त्याची कुंडी असलेली बाई ‘कढीपत्ता’ होती, आणि एकदा बोलायला लागली की थांबत नाही ती ‘सरिता वेळ असेल तर’ अशी होती. हे असलं नाव सरिताने बघितलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मालिनी करत नसे.

दोन हजार नऊच्या त्या वसंतात तिच्या मोबाइलचा करार दोन वर्षांसाठी पुढे वाढला आणि शनिवारी सकाळी पोस्टमनने नवा फोन आणून दिला. बटणं नाहीत, नुसती काच. बोट फिरवलं की पडदा सरकायचा. मालिनी आणि सात वर्षांची ऊर्जा सोफ्यावर बसून नुसता पडदा सरकवत होत्या आणि दोघींत लहान कोण ते सांगणं कठीण होतं. इतका आनंद तिला लग्नातल्या शालूचाही झाला नव्हता, आणि हे ती उघड म्हणालीसुद्धा.

“आता जुन्यातलं सगळं यात घालू,” ती म्हणाली.

इथे श्रीनाथ उठून उभा राहिला. मोठमोठ्या कारखान्यांची माहिती जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये हलवणं हाच त्याचा धंदा. र्युसेल्सहाइमपासून नेकारसुल्मपर्यंत त्याने गाड्यांच्या सुट्या भागांच्या याद्या इकडून तिकडे नेल्या होत्या. आता घरचंच कार्य निघाल्यावर त्याला हुरूप चढला तर नवल नाही.

“असं नुसतं घालायचं नसतं,” तो म्हणाला. “आधी डेटा साफ करायचा. कचरा नव्या घरात न्यायचा नाही. जुना फोन आता फ्रीझ. त्याला कुणी हात लावायचा नाही.”

“तू माझा फोन हलवतोयस, कारखाना नाही.”

“गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणूनच जेवणाच्या आत होईल.”

केबल लावून त्याने सगळे नंबर लॅपटॉपवर उतरवून घेतले, मराठी मंडळाच्या यादीतली पूर्ण नावं त्यांना जोडायला घेतली आणि दार लावून बसला. बाहेर आला तो विजयी वीरासारखा. नव्या फोनमध्ये सगळी माणसं शिस्तीत उभी होती: आधी आडनाव, मग नाव, दुबार नोंदी गायब. मालिनीने काचेवर बोट फिरवलं. जोशी, कुंदा. देव, साधना. तिला वाटलं, आपण कुठल्यातरी दुसऱ्याच बाईचा फोन उघडलाय. पण काच इतकी गुळगुळीत होती की तक्रार करायचं तिच्या मनातच आलं नाही.

“जुना आठवडाभर ठेवू,” श्रीनाथ म्हणाला. “नवीन नीट चालतंय याची खात्री होईपर्यंत जुनं टाकायचं नाही. नियम आहे तो.”

नियम चांगला होता. पण परदेशातल्या मराठी घरांचा त्याहून जुना एक नियम आहे: कुणी भारतात निघालं की त्याच्या बॅगेत आपलं काहीतरी गेलंच पाहिजे. गावातल्याच साधना देवचे सासरे पद्माकरकाका मुलाकडे तीन महिने राहून त्याच संध्याकाळी परत निघाले होते. मालिनीची साताऱ्यातली बहीण लतिका जुन्या फोनवर दोन वर्षं डोळा ठेवून होती. असा चालून आलेला माणूस पुन्हा कधी मिळणार? श्रीनाथ जेवून आडवा झाल्यावर मालिनीने फोनमधलं सिम काढून नव्यात घातलं, फोन एका लोकरी मोज्यात कोंबला, सायकलवर टांग मारली आणि काकांच्या बॅगेत तो नेऊन ठेवला. काकांनी तिच्यादेखत बॅगेला सुतळी आवळली. “आता ही सुटायची ती साताऱ्यातच,” ते म्हणाले.

घरी आल्यावर दोन तासांनी ती चहा टाकत होती तेव्हा नवा फोन पहिल्यांदा वाजला. ‘राजे, देवश्री.’

देवश्री हाइडेलबर्गच्या एका संस्थेत पीएच.डी. करत होती. तिचं जर्मन मालिनीपेक्षा सरस, त्यामुळे दुभाष्याचं काम नव्हतं. तिने मालिनीकडे एकच गोष्ट मागितली होती. तिचा नवरा वेदांत नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात नव्या गाडीच्या चाचणीवर होता. तिथे आत कॅमेऱ्याचा फोन न्यायला बंदी, सगळ्यांचे मोबाइल बाहेर कपाटात. देवश्रीला बाकी कशाचीच भीती नव्हती, फक्त तो वेळेला आत अडकून राहील ही होती. मालिनीने तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता: “तू फक्त मला फोन कर. त्याला आणायचं माझ्याकडे लागलं.” चाचणीच्या हॉलमधला नंबर बाहेर एकाच माणसाला द्यायची मुभा होती, आणि वेदांतनेही तो मालिनीलाच दिला होता.

“ताई, सुरू झालंय,” देवश्री म्हणाली. “टॅक्सीत आहे मी. तारखेला अजून अवकाश होता हो. आणि वेदांत आज आत आहे.”

“तू श्वास घे. तो येतोय असं समज.”

मालिनीने घाईघाईने पडदा सरकवला. राजे, वेदांत. एकच नंबर, मोबाइलचा. लावला, तो कपाटात वाजत राहिला असणार. तिने पुन्हा पडदा वर-खाली केला. मग ती झोपलेल्या श्रीनाथच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली.

“वेदांत आत कुठे गेला?”

“आत? कुणाच्या आत?”

“‘वेदांत आत’. मी तसं लिहून ठेवलं होतं. हॉलमधला नंबर.”

श्रीनाथ उठून बसला. त्याला ती नोंद लख्ख आठवली. वेदांत एकदा, वेदांत दोनदा. दुसऱ्याला ना आडनाव, ना पत्ता. उडवला होता.

“लॅपटॉपवर मूळ यादी असेल ना तुझ्याकडे?”

“आल्झो... म्हणजे...” तो म्हणाला आणि थांबला. मूळ यादी त्याने त्याच फाइलमध्ये साफ केली होती. जगाला बॅकअपचं कीर्तन सांगणारा हा माणूस, घरात मात्र दिव्याखाली अंधार. “पण घाबरू नकोस. जुना फोन आहे. म्हणूनच मी म्हणालो होतो, आठवडाभर ठेवू.”

मालिनीच्या तोंडचं पाणी पळालं.

भांडायला दोघांकडेही भरपूर दारूगोळा होता, पण वेळ नव्हता. त्यांनी ऊर्जाला ओजसच्या घरी सोडलं आणि गाडी हाइडेलबर्गच्या रस्त्याला लावली. कारखान्याच्या मुख्य नंबरावर शनिवारची टेप वाजत होती, सोमवारी फोन करा म्हणून. श्रीनाथ गाडी हाकत होता. मालिनीने पद्माकरकाकांना फोन लावला.

“काका, बॅग दिलीत का?”

“रांगेत आहे. माझ्यापुढे दोन जण. का गं?”

“बॅग उघडा. माझा फोन काढायचाय.”

“उघडू? आता?” काका म्हणाले. त्यांची सुतळी म्हणजे सुतळी होती, आणि विमानतळावर कात्री कुठली मिळायला. पण मालिनीने एका वाक्यात कारण सांगितलं आणि ते म्हणाले, “धर जरा.” मग तिला त्यांचा दम लागल्याचा आवाज आला, कुणीतरी जर्मन माणूस काहीतरी म्हणाल्याचा, काकांनी त्याला शुद्ध मराठीत “दाब इथं, हां, ओढ” म्हटल्याचा आणि मग पुष्कळशा वस्तू जमिनीवर पडल्याचा.

“मोजा सापडला. गाठ या गोऱ्याने दातांनी सोडली हो. भला माणूस आहे. आता?”

“वरचं बटण दाबून धरा. सिम नाही, तरी चालू करू का, असं विचारेल. हो म्हणा. मग नावांची यादी उघडा.”

“उघडली. वाचू?”

“व्ही-पर्यंत खाली जा, काका.”

पण पद्माकरकाका उभा जन्म पोस्टात काढलेले. मधलं टपाल सोडून पुढे जाणं त्यांना जमेना. ते एकेक नाव मोठ्याने वाचत निघाले. “अतिशहाणा डॉक्टर. कढीपत्ता. मनोरमाबाई मीठ कमी. ओजसची आई.” गाडीत श्रीनाथने तिच्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं. मालिनीला एकदम आठवलं की पुढे पी आहे.

“काका, तिथून भराभर खाली,” ती म्हणाली.

उशीर झाला होता. “पद्माकरकाका,” त्यांनी वाचलं, “कान दुखेपर्यंत.”

मालिनीने डोळे मिटून घेतले. रांगेतला कोलाहल तेवढा ऐकू येत होता. काका तीन महिन्यांत पहिल्यांदाच काही बोलत नव्हते. तिला मनापासून लाज वाटली. आपण हे केवढ्या हौसेने लिहिलं होतं तेही तिला आठवत होतं.

“खरं आहे,” शेवटी ते म्हणाले. “आमच्या हिचंही हेच म्हणणं होतं.” मग पुन्हा त्याच आवाजात वाचन सुरू झालं. “सरिता वेळ असेल तर. श्रीनाथ ऑफिस. श्रीनाथ खरंच तातडीचं. वेदांत. वेदांत आत.”

“तोच. सांगा.”

त्यांनी आकडे इतके सावकाश आणि स्पष्ट सांगितले की पुन्हा विचारावं लागलं नाही. “जा आता, फोन कर,” ते म्हणाले. “माझी बॅग बांधायला अख्खी रांग मदतीला आली आहे.”

हॉलमध्ये फोन कुणा घोगऱ्या आवाजाच्या माणसाने उचलला. मालिनीने एवढंच सांगितलं की राजेंची बायको दवाखान्यात आहे आणि मूल वाट बघणार नाही. त्याने रिसीव्हर तसाच टेबलावर टाकला. तिला त्याचे धावणारे बूट ऐकू आले, मग आणखी दोघांचे, मग वेदांतचा धापा टाकणारा आवाज. तो हो म्हणाला का नाही हेही तिला समजलं नाही. पण निघाला तो, एवढं नक्की. मालिनीचा जीव भांड्यात पडला आणि ती मोठमोठ्याने हसायला लागली. मग श्रीनाथही हसला. आपण एकमेकांवर चिडलो होतो हे दोघांनाही थोडा वेळ आठवलं नाही.

हॉस्पिटलात देवश्री पलंगाचा कठडा धरून उभी होती. “मिळाला?” तिने विचारलं.

“वाटेत आहे.”

देवश्रीने मान हलवली आणि मालिनीचा हात असा पकडला की बांगडी रुतली. ओळखीच्याच हेबामेने मालिनीला मानेनेच नमस्कार केला. कळा वाढत गेल्या. मालिनी तिच्या कमरेवर तळवा फिरवत राहिली आणि तिचे कान मात्र जिन्याकडे होते. बाहेर श्रीनाथकडे तिने फोन देऊन ठेवला होता आणि तो सारखा वाजत होता, कारण बातमी तोवर सगळ्या पंचक्रोशीत पोचली होती. दाराआडून तिला त्याचं बोलणं ऐकू येत होतं.

“कोण? जोशी कुंदा? कोण कुंदा जोशी? अच्छा, ओजसची आई. मग तसं सांगा ना. नाही, अजून नाही.”

मालिनीला ऐन गडबडीत हसू आलं.

मग जिन्यावर पावलं वाजली आणि वेदांत आला, कामाच्या निळ्या कपड्यांत, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र तसंच लोंबत. देवश्रीने त्याच्याकडे पाहिलं आणि इतका वेळ न रडलेली ती मुलगी रडली. मालिनीने आपला हात अलगद सोडवला आणि त्या जागी त्याचा ठेवला. शब्द पाळला गेला होता. एवढा हलकेपणा तिला कित्येक दिवसांत वाटला नव्हता, आणि त्यातच कुठेतरी जरा रिकामंही वाटलं. इथून पुढे तिचं काही काम नव्हतं. जर्मन देवश्रीला येत होतं, नवरा आला होता, आणि आत एकाच माणसाने थांबायचं हा इथला नियम तिला पाठ होता. तिने खुर्चीवरची पर्स उचलली.

“ताई, कुठे?” देवश्री म्हणाली.

“मी बाहेर आहे गं. काही लागलं तर हाक मार.”

“काही लागत नाही,” देवश्री कळ सोसत म्हणाली. “तुम्ही थांबा नुसत्या.”

मालिनीने हेबामेकडे पाहिलं. त्या बाईने दोघींकडे बघितलं, पुढे होऊन दार लावून घेतलं, आणि मालिनीच्या हातातली पर्स काढून कोपऱ्यातल्या खुंटीवर अडकवली.