बारा वकील आणि एक लाल पेन्सिल

आमच्या ऑफिसातल्या काकांना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा मला वाटलं, हेच न्यायाधीश. नोकरीचा पहिला दिवस. मी लिहिलेला भाडेकरार त्यांनी दोन बोटांत धरला, उजेडाकडे केला आणि कानामागून एक लाल पेन्सिल काढली. पहिल्या पानावरून दुसऱ्या पानावर जायला त्यांनी इतका वेळ घेतला की माझ्या दाढीचे खुंट वाढले. शेवटी म्हणाले, "करार चांगला आहे. फक्त घरमालकच भाडं देतोय."

कागदोपत्री ते कारकून. आम्ही बारा वकील. एका मसुद्यावर बारा जण बारा प्रकारे दुरुस्त्या करायचे आणि काका त्यातून एकच धड मसुदा काढायचे. पाठीमागे त्यांना आम्ही 'लाल पेन्सिल' म्हणायचो, तोंडावर मात्र "काका, तेवढं बघा ना."

मग थोरल्या बाईंनी, म्हणजे ऑफिसच्या मालकीणबाईंनी, सॉफ्टवेअर आणलं. विकायला आलेला गृहस्थ पडद्यासमोर उभा राहून म्हणाला, "सगळे एकाच वेळी एकाच पानावर काम करतील. चुका एआय पकडेल." बाई हरखल्या. "तीन महिने बघू. जमलं तर काकांची जागा बंद करू." काका तिथेच खुर्च्या सरळ करत होते. त्यांनी उरलेल्या दोनही सरळ केल्या.

पहिल्याच दिवशी एका कलमात आम्ही चौघे घुसलो. मी वाक्य लिहितोय आणि समोरचा ते पुसतोय, असा खेळ अर्धा तास चालला. एआयने तंट्याच्या नोटिशीचा सारांश दिला : 'दोन्ही पक्षांचे संबंध सौहार्दाचे आहेत.' पण खरी अडचण निराळीच होती. आपलं अर्धवट वाक्य शेजारच्याने बघावं, हे कुठल्या वकिलाला सोसतं? तिसऱ्या दिवशी मी गुपचूप मसुदा छापला, पेनाने दुरुस्त केला आणि काकांकडे दिला. सोबत चिठ्ठीवर माझा पासवर्ड. "काका, माझ्या नावाने आत टाका. कुणाला बोलू नका."

त्यांनी चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली सरकवली. तिथे आधीच अकरा चिठ्ठ्या होत्या.

त्या दिवसापासून काका एकटेच बारा वकील झाले. माझ्या नावाने शंका काढायचे, पलीकडच्या तिरसट वकिलाच्या नावाने तिरसट उत्तर द्यायचे, मग दोघांत समेट घडवायचे. एआयने काढलेला सारांशही तेच सुधारायचे.

मला राहवेना. "अहो काका, हे जमलं तर तुमचीच खुर्ची जाईल!"

"आणि मसुदा चुकीचा गेला तर?" ते पेन्सिलीला टोक करत म्हणाले. "खुर्चीचं काय घेऊन बसलात! तिला चार पाय आहेत, जाईल कुठेही."

तीन महिन्यांनी अहवाल आला. एकही चूक नाही, एकही वाद न मिटलेला नाही. तो विक्रेता भारावून गेला होता. "एका मनाने काम करणारे बारा वकील मी प्रथमच बघतोय!" बारा वकील टेबलाच्या लाकडाचं निरीक्षण करू लागले. बोलायची माझी फार इच्छा होती, पण नेमकं तोंडात बिस्किट होतं. ते मी बराच वेळ चघळलं.

"काका, तुम्हाला काही म्हणायचंय?" बाईंनी विचारलं.

काकांनी आम्हा सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग अहवाल पुढे सरकवला. "पान चारवर तारीख चुकलीय. त्या महिन्यात एकतीस तारीख नव्हती."

महिनाअखेरीला काकांची जागा बंद झाली. जाताना त्यांनी काचेखालच्या चिठ्ठ्या पाकिटात घातल्या.

आता ते समोरच्या फोटोकॉपीच्या दुकानात बसतात. आम्ही कागद घेऊन रस्ता ओलांडतो. शेजारच्या दोन ऑफिसांनीही तेच सॉफ्टवेअर घेतल्यामुळे आमचा नंबर दुपारनंतर लागतो.