भरल्याला वाट

परवा पुण्यात एका पेठेतल्या बोळात माझा टांगा अडला. समोरून गुळाच्या ढेपांनी भरलेली हातगाडी आली होती, आणि इकडे टांग्यात मी एकटा. माझं वजन ते काय, टांगा रिकामाच म्हणायचा. पण टांगेवाला मागं सरकायला तयार नाही आणि हातगाडीवाल्याला सरकता येत नाही. दोघांनी एकमेकांच्या बापजाद्यांचा उद्धार सुरू केला. ऊन चांगलंच चढलं होतं. पुढं घोडं घामेजून उभं होतं, आणि त्याच्या अंगाचा, ओल्या चामड्याचा, तोबऱ्यातल्या भिजल्या हरभऱ्याचा असा एक मिसळलेला वास माझ्यापर्यंत आला. तुम्ही म्हणाल, घोड्याच्या घामाचं काय कौतुक सांगतोस बाबा! पण ज्यानं त्या वासात आपली लेक वाढताना पाहिली आहे, त्याला अत्तराची कुपी उघडून दाखवू नये. मी त्या बोळात उरलोच नाही. राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवण्याच्या अंगाला आमची भातखाचरं होती, तिथं जाऊन पोचलो.

भात घरात आलं की आमच्याकडं तट्टांचे दिवस सुरू व्हायचे. रानातला हिरडा गोण्यांत भरून तट्टांच्या पाठीवर लादायचा, मढे घाटानं खाली कोकणात उतरवायचा, आणि परतताना मीठ आणि सुकी मासळी घेऊन वर यायचं. आमच्या घरच्या तट्टांच्या पुढं चालायचे ते माझे थोरले बंधू. घरातले लहानथोर त्यांना आबा म्हणत. मीही म्हणे आणि माझी लेकही. मी वेल्ह्याच्या शाळेत मास्तर होतो. "ह्याला तट्टू हाकाया येईना, म्हून पोरं हाकाया धाडला," असं आबा चारचौघांत सांगत, आणि मला ते हसून ऐकून घ्यावं लागे. आबांपुढं बोलायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती. घाटात मात्र त्या उग्र माणसाचा एक नियम होता, आणि तो त्यांचा एकट्याचा नव्हता, त्या वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाचा होता. रिकाम्यानं भरल्याला वाट द्यायची. वाट हातभर रुंद, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. दोन्ही अंगांना गोण्या लटकलेलं जनावर ना वळू शकतं ना मागं हटू शकतं. समोरून ओझ्याचं जनावर दिसलं, की रिकाम्यानं थांबायचं, आपल्या तट्टाचं तोंड कड्याकडं करायचं आणि भरलेलं पुढं जाईपर्यंत हलायचं नाही. मग तुम्ही पाटील असा, नाहीतर लग्नाचं वऱ्हाड असा. ऐन तारुण्यात आबांनी एकदा, कुणीतरी वाट दिली नाही म्हणून, गोण्यांसकट एक तट्टू दरीत जाताना पाहिलं होतं. ते ओरडणं अजून कानात आहे, असं ते म्हणत.

त्या तट्टांत एक तांबूस शिंगी होती, म्हणजे मादी तट्टू. तिचा जन्म आमच्या गोठ्यातला, आणि माझ्या लेकीनं तिला शिंगरू असल्यापासून हातानं कोंडा चारून वाढवलेलं. दोघी एकाच वळणाच्या. हट्टी, काटक आणि कुणी हाक मारली की आधी मान वाकडी करून बघणाऱ्या. या शिंगीची चाल उपजतच रवाळ. ना दुडकी, ना चौखूर, झुळझुळ चालायची. वर बसणाऱ्याच्या पोटातलं पाणी हलत नाही म्हणतात, ते आमच्याकडं अक्षरशः खरं होतं. लेक परकराचा काष्टा मारून, पाठीवर नुसती घोंगडी टाकून तिच्यावर बसे आणि बांधाबांधानं जाई, तेव्हा मी शाळेतून येताना लांबूनच उभा राहून बघत असे. मास्तरानं रस्त्यात असं उभं राहू नये, पण मी राहत असे.

पोरगी दहाव्या वर्षात आली आणि घरात कुजबुज सुरू झाली. पोरीच्या जातीनं आता तट्टावर मांड टाकणं बरं दिसत नाही, लोक काय म्हणतील, वगैरे वगैरे. त्याच साली भोरला जनावरांचं मोठं प्रदर्शन भरायचं होतं, आणि त्यात पोरांसाठी रवाळ तट्टांची पैज होती. काठोकाठ भरलेला तांब्या एका हातात धरून मैदानाला फेरी घालायची. ज्याच्या तांब्यात पाणी जास्त उरेल तो पहिला. हे कळल्यावर लेक सरळ आबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. मी दारामागं. आबांनी निवाडा केला.

"जा. नंबर काडलास, तर तुला तट्टावरनं खाली उतर म्हणायची कुनाची छाती न्हाई. न्हाई काडलास, तर त्या दिसापासनं शिंगीवर बसायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," पोरगी म्हणाली.

मग काय, आमच्या घरात तालीम सुरू झाली. पाणी सांडलं तर कळत नाही, ताक सांडलं तर अंगावर दिसतं, म्हणून पोरगी ताकाचा तांब्या घेऊन बसायची. पहिले काही दिवस ती घरी यायची ती अंगभर पांढरी होऊन. तिची आई कपाळावर हात मारायची. "प्रदर्शन व्हईल तवा व्हईल, गावची मांजरं मातूर बाळसं धराया लागली!" असं म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तांब्या काठोकाठ भरून द्यायची. हळूहळू ताक सांडेनासं झालं. पुढं पुढं तर पोरगी तांब्याकडं बघायचीही नाही. दोन कानांच्या मधून समोर बघायची.

भोरला आम्ही आदल्या दिवशीच निघालो. आबा, मी, लेक आणि शिंगी. नसरापुरावरून भाटघरला आलो, धरणाचं पाणी पाहून शिंगी बिचकली, तिची समजूत घालण्यात थोडा वेळ गेला. दुसऱ्या दिवशी मैदानावर पाहतो तर काय, जत्राच! खिलारी बैल, दुभत्या म्हशी, झुली, गोंडे, धूळ. पैजेला आलेली बाकीची पोरं इनामदारा-सरदारांची. जरीच्या टोप्या, रंगीत खोगिरं, तट्टांच्या कपाळावर चांदीचे बिल्ले. त्यांत आमची पोरगी घोंगडीवर. कुणीतरी म्हणालं, "ही काय कोळसं इकाया आली का?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आबा मात्र शांतपणे पानाची चंची सोडत म्हणाले, "बोलू दे. बोलनाऱ्याचं तोंड चालतं, आपली शिंगी चालती."

पुकारणाऱ्यानं नियम सांगितले. तांब्या एकाच हातात. दुसऱ्या हातानं झाकायचा नाही. आणि फेरी पुरी होईपर्यंत थांबायचं नाही. थांबला तो बाद. नगारा वाजला आणि पोरं निघाली.

काय सांगू तुम्हाला! पहिल्या वळणालाच निम्म्या पोरांचे सदरे भिजले. चांदीचे बिल्ले उडत होते आणि तांबे हिंदकळत होते. आमची शिंगी चालली होती जणू ओसरीवरून चालावं तशी. तांब्यातलं पाणी उन्हात नुसतं चकाकत होतं, एक थेंब खाली नाही. ज्यानं कोळशाचं विचारलं होतं, तोच आता "वा गं पोरी!" म्हणून ओरडत होता. मी मास्तर माणूस, पण टोपी काढून हातात घेतली होती आणि ती पिळत होतो. शेवटचं वळण नीरेच्या अंगाला होतं. तिथं बांध आणि गर्दी यांच्यामधून वाट चिंचोळी होत गेलेली. ते वळण पार केलं की संपलंच, नंबर आमचाच.

त्याच वाटेनं नदीकडून एक पखालवाला वर आला. धूळ बसवायला पाणी आणणारा म्हातारा, आणि त्याचा रेडा, पाठीवर पाण्यानं टम्म फुगलेली पखाल. नगारा झालेला त्याला ठाऊकच नसावा. पुढचं एक तट्टू रेड्याला घासून गेलं. रेड्याचा मागचा पाय बांधावरून घसरला, पखाल कलली, म्हातारा शेपूट धरून लोंबकळला. आणि मी पाहिलं, माझ्या लेकीनं लगाम ओढला. शिंगीला बाजूला घेतलं, तिचं तोंड बांधाकडं वळवलं, आणि थांबली. अगदी मढे घाटात थांबावं तशी थांबली. मागची पोरं तिला वळसा घालून पुढं गेली. रेडा सावरला, एकेक पाऊल टाकत वर आला, तिच्या शेजारून गेला. म्हातारा जाताना हात उचलून म्हणाला, "सुकी ऱ्हा, बाय."

"घोंगडीवाली बाद!" पुकारणारा ओरडला. लोक हसले. पोरगी तांब्या तसाच धरून आमच्यापाशी आली. तो काठोकाठ भरलेला होता. तिनं ओंजळीत पाणी घेऊन शिंगीला पाजलं, उरलेलं तिच्या तोंडावरून फिरवलं. रडली नाही. माझेच डोळे भरून आले होते, आणि मला सांगायला लाज वाटत नाही.

आबा पुढं झाले. "शिंगी थांबली, का तू थांबीवलीस?"

नुसतं "शिंगी थांबली" म्हणाली असती, तरी भागलं असतं. जनावराची सवय, त्याला कोण बोल लावणार? आबांनीच तिला पळवाट दाखवली होती, असं मला आजही वाटतं. पोरगी म्हणाली, "शिंगी निगाली व्हती, आबा. म्याच वडली. रेडा भरल्याला व्हता."

आबांनी चंची गुंडाळून कमरेला लावली आणि चालू लागले.

परतीच्या वाटेवर लेक शिंगीवर बसली नाही. कुणी सांगायची वाटच पाहिली नाही तिनं. लगाम धरून पायी चालू लागली. शब्द दिला होता ना! शिंगी पुन्हापुन्हा मान वळवून तिच्याकडं बघत होती, ही वर का बसत नाही म्हणून. आबा पुढं, त्या दोघी मध्ये, मी मागं. थोरल्या भावापुढं तोंड उघडायचं नाही ही शिस्त मी जन्मभर पाळली, पण त्या संध्याकाळी ती मोडायची असं मी मनाशी ठरवलं होतं. वाक्यंसुद्धा जुळवली होती. नसरापूर मागं पडलं, डोंगर जवळ आले, आणि मी घसा खाकरणार एवढ्यात आबाच थांबले.

"शिंगीला सडं, बिनवझ्याचं चालायची सवय न्हाई," ते पोरीकडं न बघता म्हणाले. "पाय वाकडं टाकती. बस तिच्यावर."

पोरगी जागची हलली नाही. "पन आबा, नंबर..."

"बस म्हंतो न्हवं! आन हे बग, अवंदा हिरड्याची खेप निगंल तवा म्होरं तू चालायचं. मला आता म्होरचं नीट दिसंना झालंय."

आबांची नजर घारीची होती. तोरण्यावर घिरट्या घालणारं पाखरू कोणतं ते गुंजवण्यातून सांगणारा माणूस! पण त्या दिवसापासून त्यांना म्होरचं दिसेनासं झालं ते झालंच. माझी लेक लग्न होईपर्यंत दरसाल घाटात पुढं चालली. समोरून येणारे जुने जाणते हिरडेवाले तिला पाहून आधी चकित होत आणि मग रामराम घालत. मास्तर म्हणून सगळ्या शाळेत एवढा मान मला कधी मिळाला नाही, आणि त्याचा मला लवमात्र हेवा वाटला नाही. छाती फुगते म्हणतात ना, ती माझी अजून खाली बसलेली नाही.

तर त्या बोळात अजून भांडण चाललंच होतं. मी टांग्यातून वाकून म्हणालो, "अरे बाबा, घे टांगा मागं. रिकाम्यानं भरल्याला वाट द्यावी."

"हा कुठला कायदा काढलात, आजोबा?" टांगेवाला म्हणाला.

"माझ्या लेकीचा," मी म्हणालो.

तो काय समजला कोण जाणे, पण टांगा मागं सरकला. आता आबा नाहीत. शिंगी तर त्यांच्याही आधी गेली. हिरडा लॉरीनं जातो, आणि मढे घाटाच्या वाटेवर गवत माजलं आहे म्हणतात. लेक घाटाखाली नांदते. तिच्या दारावरून मिठाचं तट्टू आता जात नाही. हातगाडीवाला ढेपा सावरत टांग्याच्या शेजारून गेला, आणि जाताजाता कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "सुखी राहा, बाबा." ते शब्द माझ्या मालकीचे नव्हते, भोरच्या मैदानावरच ते एकीच्या नावावर झाले होते. पण लेकीच्या नावचं काही बापाच्या हाती आलं, तर ते परत कोण करतो?